डोंगल तुमच्याच हातात हवा

गेल्या अंकात लहान पुरवठादारांना ई-निविदेबद्दलचे प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. आलेली बरीचशी पत्रं एकाच ठिकाणी अडलेली दिसली. माल चांगला, भाव रास्त, पण पोर्टलवर नाव टिकलं नाही. माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या भांडार विभागात गेली. सीलबंद लिफाफे टेबलावर सगळ्यांसमोर फोडले जायचे तो काळ मी पाहिला आणि राज्याचं ई-निविदा पोर्टल महाटेंडर्स आल्यावर तेच जुने, भरवशाचे पुरवठादार कसे बावरले तेही पाहिलं. निवृत्तीनंतर आठवड्यातून एक दिवस मी व्यापारी संघाच्या कार्यालयात बसते, तिथेही हेच प्रश्न येतात. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं छापलेली नाहीत.

ताई, माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शाळेचे बाक, ड्युअल डेस्क करतो. यंदा जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी निविदा निघाली. माझा डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा डोंगल आणि सगळी कागदपत्रं एका कॉम्प्युटरवाल्याकडेच असतात, फॉर्म तोच भरतो. “काम झालं, सगळं अपलोड केलंय” असं त्याने सांगितलं. निविदा उघडली तर यादीत माझं नावच नाही. बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) मात्र खात्यातून गेली. ऑफिसात म्हणाले, तुमची निविदा आलेलीच नाही. तक्रार कुठे करू?
— एक वाचक, बार्शी

तक्रार करून ही निविदा परत मिळणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तुमच्या चपला आणि वकिलाचे पैसे वाचतील. तुम्ही लिहिलंय त्यावरून फाइली चढल्या, पैसे भरले गेले, पण शेवटचं ‘फ्रीझ बिड’ हे बटण दाबलं गेलं नाही असंच दिसतं. तांत्रिक लिफाफा, वित्तीय लिफाफा, दरपत्रकाची फाइल सगळं अपलोड झालं तरी फ्रीझ करेपर्यंत ती निविदा दाखल झालेली नसते. फ्रीझ केलं की बिड आयडी, तारीख आणि वेळ असलेली पोच निघते. पोच नाही म्हणजे निविदा नाही. ऑफिसवाल्यांनी तुम्हाला टाळलेलं नाही, त्यांच्या स्क्रीनवर तुमचं नाव खरोखरच दिसत नव्हतं. भरलेली रक्कम ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात परत येते. आली नाही तर व्यवहार क्रमांक आणि निविदेचा आयडी लिहून पोर्टलच्या मदत कक्षाला कळवा.

आता डोंगलबद्दल बोलू. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे. डोंगलमध्ये तुमची कायदेशीर सही आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ प्रमाणे ती जपण्याची, दुसऱ्याच्या हाती जाऊ न देण्याची जबाबदारी ज्याच्या नावाची सही त्याचीच आहे. तुमच्या डोंगलने कुणी चुकीचा दर भरला, खोटं प्रमाणपत्र जोडलं, किंवा तुमचा दर उघडण्याआधी दुसऱ्या पुरवठादाराच्या कानावर घातला, तर “मी नव्हतो, कॉम्प्युटरवाला होता” हे कुठेही ऐकलं जाणार नाही. शिवाय एकाच दुकानात एकाच निविदेचे चार-पाच पुरवठादार फॉर्म भरतात, हे तालुक्याच्या गावात रोजचं आहे. मी कुणाच्या सचोटीवर शंका घेत नाही. पण तुमचा दर निविदा उघडेपर्यंत तुमच्याशिवाय कुणाला माहीत असता कामा नये, आणि त्या दुकानात तो माहीत असतो.

म्हणून उद्याच जाऊन डोंगल घरी आणा. पिन बदला. पोर्टलचा पासवर्ड बदला. खात्याला जोडलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना, तेही पाहा. पुष्कळ ठिकाणी ईमेल दुकानदाराचा निघतो, मग शुद्धिपत्रक त्याला कळतं आणि तुम्हाला कळत नाही. फॉर्म भरायला मदत घ्यायला काहीच हरकत नाही. त्याचे पैसे द्या, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा, पिन मागितला की तुम्ही टाका, शेवटी पोच छापून घ्या आणि मगच उठा.

डीएससी क्लास ३ चंच लागतं. क्लास २ देणं जानेवारी २०२१ पासून बंद झालं. त्याची मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नवं घेतल्यावर ते पोर्टलवर पुन्हा नोंदवावं लागतं. हे काम निविदेच्या शेवटच्या दिवशी काढलं तर ती निविदा गेलीच समजा. वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरली जाते, तुमच्या मनगटावरची नाही. ते घड्याळ पानावर वर दिसत असतं. शेवटच्या दिवशी दुपारी वीज जाते, नेट अडखळतं, डोंगलचा ड्रायव्हर सापडत नाही. दोन दिवस आधी फ्रीझ करा. मुदत संपेपर्यंत दर बदलून निविदा पुन्हा सादर करता येते, त्यामुळे लवकर भरल्याने काही बिघडत नाही. फक्त ‘विड्रॉ’च्या वाटेला जाऊ नका. एकदा मागे घेतलेली निविदा त्याच कामासाठी परत भरता येत नाही.

आणि कागद निविदा निघाल्यावर गोळा करू नका. पॅन, जीएसटी नोंदणी, उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ताळेबंद, सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र, आधी केलेल्या पुरवठ्याचे दाखले हे सगळं आत्ताच काळ्या-पांढऱ्यात १०० डीपीआयवर स्कॅन करून पीडीएफ करून ठेवा. नेहमी लागणारे कागद पोर्टलवर तुमच्या स्वतःच्या जागेत एकदा चढवून ठेवता येतात आणि प्रत्येक निविदेला तिथूनच जोडता येतात. पोर्टलच्या मुखपृष्ठावर ‘बिडर्स मॅन्युअल किट’ आहे. त्यात प्रत्येक पायरी चित्रांसह दाखवली आहे. इंग्रजीचा कंटाळा येत असेल तर घरात शिकणारं कुणी असेल त्याला शेजारी बसवा. बाक वेल्डिंग करणाऱ्या माणसाला हे जमणार नाही असं मी कधीच मानलेलं नाही.

माझा छपाई आणि स्टेशनरीचा व्यवसाय आहे. शाळांना वह्या आणि रजिस्टर पुरवण्याच्या निविदेत सर्वांत कमी दर माझा निघाला. आनंद झाला, पण आदेश वाचल्यावर कळलं की दर सर्व करांसह आणि शाळापोच होते. मी कर वेगळा मिळेल आणि माल तालुक्याला उतरवायचा असं धरलं होतं. तोटा दिसतोय. माघार घेऊ का? आणखी एक, मागच्या एका मोठ्या पुरवठ्याच्या बिलातून जीएसटीचे म्हणून २ टक्के कापून घेतले. ते बुडाले का?
— चिपळूणहून एक पुरवठादार

माघार घेण्याआधी तोटा किती ते कागदावर मांडा. सर्वांत कमी दर ठरल्यावर मागे हटलात तर बयाणा जप्त होतो आणि काळ्या यादीत जायची वेळ येऊ शकते. मग पुढच्या प्रत्येक निविदेतल्या “आम्हाला कुठेही काळ्या यादीत टाकलेलं नाही” या हमीपत्रावर तुम्हाला सही करता येणार नाही. एका पुरवठ्यातला थोडा तोटा त्यापुढे परवडतो, फार मोठा असेल तर गोष्ट वेगळी. पोचवण्याचं ठिकाण बदलून मागू नका. निविदेनंतर अटी बदलल्या तर दुसरा पुरवठादार हरकत घेईल आणि ती बरोबरच असेल. मात्र कोणत्या शाळेत माल कधी पोचवायचा याचं वेळापत्रक मागा. एकाच रस्त्यावरच्या शाळा एका फेरीत बसवता आल्या तर टेम्पोचा खर्च बराच उतरतो, आणि अशी विनंती मान्य करायला कुणाचा नियम आड येत नाही.

दरपत्रकाची फाइल, म्हणजे बीओक्यू, उघडल्यावर दर टाकायची घाई करू नका. आधी ‘युनिट’चा रकाना वाचा. नग, डझन, रीम की संच? एका ओळीत वह्या नगावर आणि खालच्याच ओळीत कागद रीमवर असतो, आणि नजर वरच्या ओळीचीच सवय धरून खाली येते. नंतर दराच्या रकान्याचं शीर्षक शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. करासह की करविरहित, हे तिथे लिहिलेलं असतं. तिथे संदिग्ध असेल तर अटी-शर्तींत सापडतं. तिथेही नसेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. तुमच्या मालात तर हा मुद्दा आणखी नाजूक आहे. वह्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, रजिस्टरवर तो लागतोच. दोन्हींना एकच हिशोब लावला की एका बाजूला दर उगाच चढतो आणि दुसऱ्या बाजूला खिशातून जातो.

फाइलीचं नाव बदलू नका. “चिपळूण वह्या फायनल” असं नाव देऊन जतन केली की पोर्टल ती घेत नाही. तिच्यात मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना असतात, म्हणून ती मोबाइलवर किंवा दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये न भरता कॉम्प्युटरवर एक्सेलमध्येच भरा.

ते २ टक्के बुडालेले नाहीत. अडीच लाख रुपयांपेक्षा मोठ्या कंत्राटात स्थानिक संस्थांना जीएसटीचा टीडीएस कापावा लागतो, जीएसटी कायद्याच्या कलम ५१ खाली, १ ऑक्टोबर २०१८ पासून. कापलेली रक्कम त्यांनी तुमच्या जीएसटी क्रमांकावर भरली की जीएसटी पोर्टलवर ‘टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट’मध्ये दिसते. ती तुम्ही ‘अॅक्सेप्ट’ केली की तुमच्या रोख खातेवहीत जमा होते आणि पुढचा कर भरायला वापरता येते. कितीतरी लहान पुरवठादारांची ही रक्कम केवळ स्वीकारायची राहिल्यामुळे तशीच पडून असते. तुमच्या कर सल्लागाराला आजच फोन करा. तिथे काहीच दिसत नसेल तर ऑफिसच्या लेखा विभागात जीएसटीआर-७ (कापलेल्या टीडीएसचं विवरणपत्र) भरलं का, हे विचारा. हाच नेमका शब्द वापरा, म्हणजे तुम्हाला इकडून तिकडे पाठवलं जाणार नाही.

बयाणा एनईएफटीने भरला. बँक म्हणते पैसे गेले, पोर्टल म्हणतं आले नाहीत. उद्या मुदत संपते.
— वणी

हे उत्तर छापून येईल तेव्हा तुमची मुदत गेलेली असेल, म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. इतरांसाठी लिहिते. एनईएफटीचं चलन त्या-त्या निविदेपुरतंच असतं. मागच्या निविदेच्या चलनावरचा खाते क्रमांक वापरू नका. रक्कम पैशापर्यंत तीच हवी. चलनावर एनईएफटी किंवा आरटीजीएस लिहिलं असेल तर तेच करा, यूपीआय नको. यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्रमांक जपून ठेवा. आणि किमान दोन कामाचे दिवस हाताशी ठेवून भरा, मध्ये दुसरा शनिवार येतो का तेही बघा. नेट बँकिंग असेल तर तेच बरं, त्यात स्थिती लगेच कळते.

आमचा महिला बचत गट आहे. कापडी पिशव्या, चादरी, शाळेसाठी आसनपट्ट्या शिवतो. उद्यम नोंदणी आहे. नगरपरिषदेच्या निविदेत उद्यम असल्यामुळे बयाणा माफ होईल असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. आम्ही भरला नाही आणि तांत्रिक लिफाफ्यातच बाद झालो. शिवाय तीन वर्षांची मोठी उलाढाल मागितली होती. आमच्यासारख्यांनी करायचं काय? जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) नोंदणी करून देतो म्हणून एक जण पैसे मागतोय.
— गटाच्या अध्यक्षा, अंबाजोगाई तालुका

ताई, तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं ते अर्धंच होतं, आणि याच अर्ध्या माहितीमुळे बाद झालेले गट मी अनेक पाहिले आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं २०१२ चं खरेदी धोरण केंद्र सरकारची मंत्रालयं, विभाग आणि सार्वजनिक उपक्रम यांना बांधील आहे. त्यात वार्षिक खरेदीच्या २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून घ्यायचे असतात. निविदा फी आणि बयाणा यांची माफीही त्यातलीच. तुमची नगरपरिषद केंद्राच्या त्या आदेशाखाली येत नाही. तिथे सूट मिळते ती निविदेच्या अटींत लिहिली असेल तशी. म्हणून सूट आहे का, कोणाला, त्यासाठी कोणता कागद जोडायचा, हे त्या निविदेतच शोधायचं. सापडलं नाही तर मुदतीच्या आत लेखी विचारायचं. उत्तर येईपर्यंत नाहीच असं धरून पैशाची तजवीज ठेवायची. आणखी एक लक्षात असू द्या. बयाणा माफ झाला तरी काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत माफ होत नाही.

उलाढालीच्या अटीबद्दल मला मनापासून वाटतं ते या सदरातल्या शेवटच्या उत्तरात लिहिलं आहे, ते ऑफिसवाल्यांनी वाचावं. तुम्ही मात्र गप्प बसू नका. निविदापूर्व बैठकीला जा. बैठकीची तारीख निविदा सूचनेत असते आणि तिथे लहान पुरवठादारांच्या खुर्च्या नेहमी रिकाम्या असतात. “एवढ्या रकमेच्या चादरींसाठी एवढी उलाढाल का?” हा प्रश्न लेखी दिला की त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि अट सैल झाली तर शुद्धिपत्रकही काढावं लागतं.

जेमवर विक्रेता म्हणून नोंदणी फुकट आहे. उद्यम नोंदणीही फुकट आहे. पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा. पॅन, आधार, बँक खातं, उद्यम क्रमांक एवढं घेऊन गटातल्या एखाद्या मुलीने बसलं तरी होतं. महिला उद्योग आणि बचत गटांसाठी तिथे २०१९ पासून ‘वुमनिया’ हा खास विभाग आहे, त्यात आपला माल दाखवा. माल चढवताना पोचवण्याचा प्रदेश आपला जिल्हा किंवा शेजारचे जिल्हे एवढाच ठेवा, नाहीतर आसाममधून वीस चादरींची ऑर्डर येईल आणि वाहतुकीतच सगळं जाईल. शिलाईला किती दिवस लागतात ते खरं लिहा. माल पोचल्यावर ऑफिसने पोर्टलवर स्वीकृतीचं प्रमाणपत्र, सीआरएसी, काढायचं असतं. पैसे त्याच्यावरच निघतात, म्हणून माल उतरवला की त्या प्रमाणपत्राचा पाठपुरावा सुरू करा.

नगरपरिषदेला टीसीएल (पाणी शुद्धीकरणाची ब्लीचिंग) पावडर पुरवली. सात महिने झाले, बिल निघत नाही. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर व्याज लागतं असं वाचलं. माझी उद्यम नोंदणी आहे. मी कंपनीकडून घेऊन पुरवतो, स्वतः बनवत नाही.
— गडहिंग्लज

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास अधिनियम, २००६ प्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. दाद सुलभीकरण परिषदेकडे (थकलेल्या पैशांचे असे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे) मागायची आणि अर्ज ऑनलाइन करायचा. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. स्वतः माल बनवणाऱ्यांसाठी हा कायदा खरोखर दात असलेला आहे आणि त्यांनी तो वापरायला घाबरू नये.

पण व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं ते केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरतं. उशिरा मिळालेल्या पैशांवरचं हे संरक्षण त्यात येत नाही. तुम्ही विकत घेऊन पुरवता, म्हणून त्या वाटेवर तुमचा वेळ जाईल.

तुमच्यासाठी वाट ऑफिसच्या आतली आहे. बिल कुठे अडलं ते आधी शोधा, कारण “मंजुरीला आहे” या उत्तरात तीन वेगवेगळी कारणं लपलेली असतात. साठा नोंदवहीत मालाची नोंद झालेली नाही, हे पहिलं. तुमच्या पोचपावतीवर भांडारपालाची सही, शिक्का आणि नोंदवहीचा पान क्रमांक आहे का बघा. नसेल तर आजच घालून घ्या. दुसरं, तपासणी अहवाल. टीसीएलमध्ये क्लोरीनचं प्रमाण किती हे प्रयोगशाळेतून येईपर्यंत लेखापाल बिलाला हात लावत नाही, आणि नमुना पाठवलाच गेला नाही असंही घडतं. तिसरं म्हणजे ज्या लेखाशीर्षावर (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यावर) आदेश काढला त्यात पैसेच शिल्लक नाहीत. हे सगळ्यात वाईट, कारण त्याला पुढच्या तरतुदीची वाट पाहावी लागते. पुढच्या वेळी पुरवठा आदेश हातात आला की त्यावरचं लेखाशीर्ष वाचा आणि लेखा विभागात जाऊन तरतूद आहे का एवढं विचारूनच ट्रक भरा.

कारण कळलं की मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार, २००५ खाली दहा रुपये फी भरून आपल्या बिलाची सद्यस्थिती, त्यावरचे शेरे आणि कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे हे मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझा अनुभव असा की हा अर्ज पोचल्यावर उत्तर येण्याआधी बिलच हलतं.

मी एका नगरपंचायतीत खरेदीचं काम पाहतो. आमच्या निविदांना एक, फार तर दोन निविदा येतात. किमान तीन होत नाहीत म्हणून मुदतवाढ, मग फेरनिविदा. गावातले पुरवठादार भरतच नाहीत, बाहेरचा कुणीतरी चढ्या दराने घेऊन जातो. आमच्या हातात काय आहे?
— नाव न छापण्याच्या अटीवर

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण हा प्रश्न ऑफिसच्या खुर्चीतून विचारला गेला. तुमच्या हातात पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट म्हणजे अटी. जुन्या निविदेची फाइल उघडून, तारीख बदलून नवी काढायची सवय सगळीकडे आहे. त्यात कुणीतरी कधीतरी मोठ्या कामासाठी घातलेली उलाढालीची अट झाडूच्या निविदेतही तशीच उतरते. प्रत्येक अटीपुढे स्वतःला विचारा, ही अट काढली तर माल खराब येईल का? नसेल तर ती अट फक्त माणसं गाळते. गुणवत्ता राखायची ती मालाच्या वर्णनातून. कंपनीचं नाव लिहू नका, मानक लिहा. पीव्हीसी पाइप असेल तर आयएस ४९८५, ब्लीचिंग पावडर असेल तर आयएस १०६५. मग ते मानक पुरवणारा गावातला दुकानदारही तुम्हाला चालतो आणि बाहेरचा हलका माल आणून टाकू शकत नाही.

दुसरी गोष्ट सगळ्यांत जास्त फरक पाडते. वर्षाची इलेक्ट्रिक सामग्री, पाइप, स्टेशनरी, स्वच्छतेचं साहित्य हे सगळं एका गाठोड्यात बांधून “सर्व बाबींचा एकत्रित दर” मागितला की गावातला कुठलाच दुकानदार पात्र राहत नाही. कुणाकडे वायर आहे तर कुणाकडे फिनाईल. मग सगळं गोळा करून पुरवणारा मधला माणूसच येतो आणि तो आपली टक्केवारी लावतो. निविदा एकच ठेवा, पण मूल्यांकन बाबनिहाय करा, हे निविदेत स्पष्ट लिहून. याला तुकडे पाडणं म्हणत नाहीत. निविदेची मर्यादा चुकवायला खरेदी फोडणं वेगळं, ते निषिद्धच आहे. इथे पूर्ण रक्कम एकाच ई-निविदेतून जाते, फक्त प्रत्येक बाबीचा सर्वांत कमी दर वेगळा निवडला जातो. लेखापरीक्षकाला हे नीट समजतं, टिपणीत कारण लिहा म्हणजे झालं.

वेळ पूर्ण द्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत अल्पमुदतीच्या निविदांचा पाऊस पडतो आणि डीएससी संपलेला लहान पुरवठादार त्यात वाहून जातो. वर्षभरात काय काय घ्यायचंय याची साधी यादी एप्रिलमध्येच सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लावा. गावातल्या माणसाला तीन महिने आधी कळलं तर तो कागद जमवतो.

निकाल लागल्यावर बाद झालेल्यांना पोर्टल कारण दाखवतं, पण तिथे “पात्र नाही” एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला काही कळत नाही. “उलाढालीच्या प्रमाणपत्रावर सीएचा यूडीआयएन (पडताळणीचा क्रमांक) नाही” असं लिहा. पुढच्या वेळी तो ती चूक करणार नाही आणि तुम्हाला तिसरी निविदा मिळेल. गावातल्या लोकांनाही सांगा की वित्तीय लिफाफा उघडल्यावर भाग घेतलेल्या प्रत्येकाला सगळ्यांचे दर पोर्टलवर पाहता येतात. आपला दर कुठे चढला, हे त्याशिवाय कसं कळणार?

आणि बिलं वेळेवर काढा. गावातला पुरवठादार निविदा भरत नाही त्याचं कारण त्याला कॉम्प्युटर येत नाही असं तुम्ही समजत असाल तर त्याच्या दुकानात जाऊन विचारा. तो तुम्हाला शेवटच्या बिलाची तारीख तोंडपाठ सांगेल.

मदतीचा एक दिवस ठरवा. निविदा निघाल्यानंतरचा पहिला आठवडा चांगला. व्यापारी संघाचा हॉल घ्या, तुमच्याच ऑफिसातला पोर्टल चालवणारा ऑपरेटर आणि एक प्रोजेक्टर आणा. लोकांना त्यांचे स्वतःचे डोंगल घेऊन यायला सांगा, कुणाचा चालतो आणि कुणाचा संपलाय ते तिथेच कळेल. कोणाच्याही दराला हात लावायचा नाही, कोणासाठीही फॉर्म भरायचा नाही, फक्त पायऱ्या दाखवायच्या आणि जे सांगाल ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्या दिवसाची तारीख आणि जागा निविदा सूचनेतच छापा, म्हणजे बाहेरगावच्या पुरवठादारालाही येता येईल आणि पक्षपात केला असं कुणी म्हणणार नाही.